हेमलतेने नाकारलेले कोष्टक

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री शारदा हिला वंदन करून, तसेच ज्याच्या दारी अगोदर आलेला आणि मागाहून आलेला हा भेद उरत नाही त्या नारायणाचे स्मरण करून मी हा लेख लिहावयास बसलो आहे. निमित्त दुःखाचे आहे. माझी विद्यार्थिनी, गोंदियाच्या एका महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्र शिकवणारी डॉ. हेमलता पारधी, हिला देवाघरी जाऊन काही आठवडे लोटले. शिष्येवरील स्मृतिलेख गुरूने लिहावा हा क्रमच उलटा. पण लेखणी हाती घेण्याचे कारण केवळ शोक असता तर तो मी देवापुढे बसून केला असता; त्यासाठी वाचकांना शिणवले नसते. कारण वेगळे आहे. हेमलता गेल्यानंतर तिच्या नावाने एक असत्य उभे केले गेले, आणि ते उभे करणाऱ्यांनी त्यालाच आदरांजली म्हटले. माझा स्वभाव संतापाचा नाही. तरी हा लेख मी संतापानेच लिहितो आहे.

बातमी आली तेव्हा मी पूजेत होतो. हेमलतेचे यजमान खेमराज, माध्यमिक शाळेत शिक्षक, शांत गृहस्थ. त्यांचा फोन सहसा सणावारालाच यायचा. त्या सकाळी पलीकडून आवाज आला, "गुरुजी, हेमा गेली जी." एवढेच. पलीकडे रुग्णालयात कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता, तो ऐकू येत राहिला. माझ्या हातातले तुळशीपत्र हातातच राहिले. आजार मोठा होता, जाणे अपेक्षित होते, असे सर्वजण म्हणतात. अपेक्षित असलेले दुःख लहान असते, असे म्हणणाऱ्याने ते भोगलेले नसते.

हेमलता सालेकशाकडची. तिथल्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असताना ती माझ्या वर्गात होती, आणि पाठांतरापेक्षा भांडणात अधिक पारंगत होती. शब्दरूपे अचूक म्हणून दाखवायची आणि लगेच विचारायची, "पण गुरुजी, असंच काऊन?" इतर मुले या "काऊन"ला, म्हणजे तिच्या "का"ला, कंटाळत, मला मात्र तो प्रसादासारखा वाटे. पुढे ती गणिताकडे वळली, नागपुरास शिकली, आणि ज्या शास्त्रात तिने पदवी मिळवली त्याचे नाव ऐकून मी प्रथम हसलो होतो. बहुनिकष निर्णयपद्धती! निर्णय करण्याचेही शास्त्र असते? तिने मला समजावले. एखादी गोष्ट निवडायची असेल, आणि तिला पारखण्याच्या कसोट्या अनेक असतील, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतील, तर काय करायचे? स्वस्त ते टिकाऊ नसते, टिकाऊ ते लवकर मिळत नाही. मग प्रत्येक कसोटीचे महत्त्व किती ते ठरवायचे, म्हणजे तिला भार द्यायचा. प्रत्येक पर्यायाला प्रत्येक कसोटीवर गुण द्यायचे. आणि शेवटी पाहायचे की कोण वरचढ ठरतो. मी म्हणालो, "अग, हे तर आमच्या मीमांसेत आहे. दोन प्रमाणांत विरोध आला की बलाबलाचा विचार करायचा." ती सरसावून बसली. "अन् दुर्बळ प्रमाणं पुष्कळ गोळा झाली, तं ती एका प्रबळ प्रमाणाले हरवतात का जी?" मी म्हणालो, "नाही. कितीही गोळा झाली तरी नाही."  पुढल्या साऱ्या प्रकरणाचे बीज त्या प्रश्नोत्तरात होते, असे आज वाटते.

काही वर्षांपूर्वी एका विमान कंपनीने तिला काम सांगितले. लहान शहरांच्या विमानतळांवर प्रवाशांची सेवा करणाऱ्या, म्हणजे बोर्डिंग पास देण्यापासून आजारी माणसाला व्हीलचेअरवरून विमानापर्यंत नेण्यापर्यंत सर्व पाहणाऱ्या, संस्था नेमायच्या होत्या. कोणती संस्था नेमावी हे ठरवण्याची पद्धत तिने बांधून द्यावी, असे ते काम. दुसरा कुणी असता तर खोलीत बसून भार ठरवून मोकळा झाला असता. हेमलता माणसांना विचारीत हिंडली. देवरीच्या बसथांब्यावर, अर्जुनी मोरगावच्या बाजारात, मुलांकडे परगावी जाणाऱ्या म्हाताऱ्यांना, उपचारांसाठी दूर जाणाऱ्या रुग्णांना. तिची रीत अशी, की सगळ्या कसोट्या एकदम पुढे ठेवायच्या नाहीत, दोन-दोन ठेवायच्या. माणूस दहा गोष्टींत गोंधळतो, दोहोंत खरे बोलतो, असे ती म्हणे.

एके दुपारी ती माझ्याकडेही आली. मी रामेश्वराच्या यात्रेस जाताना अर्धा प्रवास विमानाने केला होता, तेवढ्या भांडवलावर मीही प्रवासी ठरलो.

"सांगा गुरुजी. विमान वेळेवर सुटणं मोठं, का तिथली माणसं नीट बोलणं मोठं?"

"नीट बोलणे. उशीर माणूस सोसतो, अपमान सोसत नाही."

"बरं. वेळ मोठी, का सामान नीट पोचणं मोठं?"

"वेळ. सामान काय, मागाहूनही येते."

"आता सामान मोठं, का नीट बोलणं?"

"सामान."

"आँ? काऊन जी?"

"माझे देव त्या पेटीत होते, बाई."

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "गुरुजी, तुमचं उत्तर गोल गोल फिरून राहिलं! बोलणं वेळेहून मोठं, वेळ सामानाहून मोठी, अन् सामान बोलण्याहून मोठं. हे मी आता कोणत्या चौकटीत बसवू?" आतून आमच्या सौभाग्यवतींनी आवाज दिला, "हेमा, चहा मोठा का प्रश्न मोठा, ते सांग आधी. थंडा होऊन राहिला." चहा घेताना मात्र ती गंभीर झाली. म्हणाली, उत्तर असे फिरले की विचारणारे लोक चिडतात, माणसाला अडाणी ठरवतात, आणि त्याचा कागद बाजूला टाकतात. "पण माणूस खोटा नसते, गुरुजी. आपण विचारलंच नाई असं काई तरी तिथं लपून बसलं असते. तुमचे देव पेटीत होते, हे मले कुठं मालूम होतं?" ज्या शास्त्राला मी हसलो होतो, त्यात इतकी करुणा असू शकते हे मला त्या दिवशी कळले. ऐकणाऱ्याने नम्र असावे, एवढाच त्या शास्त्राचा तिने लावलेला अर्थ होता.

आता मुख्य गोष्ट. या पद्धतींत एक सोय असते, आणि ती सोयच घातक आहे. सर्व कसोट्यांवरचे गुण भारांनिशी मिळवून बेरीज केली, की एका कसोटीवरची उणीव दुसऱ्या कसोटीवरचे आधिक्य भरून काढते. सेवा स्वस्त आहे, विमान झटपट रिकामे होते, सामान लवकर येते. मग पाय चालत नसलेल्या एखाद्या म्हातारीला कुणी उतरवून घेतले नाही, तरी बेरीज उत्तमच! हेमलतेने यावर अट घातली. आजारी, वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या साहाय्यात जी संस्था ठरावीक पातळीच्या खाली जाईल, ती बाकी कितीही गुणी असो, बेरजेपर्यंत पोचणारच नाही. या अटीला ती "शेवटचं पान" म्हणे.

ते नाव तिच्या गावच्या पंगतीतून आले होते. तिथे अशी चाल की, पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, वाढप झाले, तरी कुणी घासाला हात लावायचा नाही. गावातला एक वडीलधारा माणूस शेपटाकडून, म्हणजे सर्वांत शेवटी बसलेल्या पानापासून पाहत येतो. त्या पानावर भात, वरण, भाजी, सगळे पडले असेल तरच तो हात वर करून देवाचे नाव घेतो, आणि मग पंगत जेवते. हे काम पुष्कळ वर्षे हेमलतेचे वडील करीत. एकदा कुठलेसे पुढारी जेवायला आले, पहिल्या ओळीत बसले, घाईत होते, त्यांनी भात कालवायला घेतला. हेमलतेचे वडील मागूनच ओरडले, "साहेब, हात थांबवा जी! मांगचं पान कोरडं हाये." साहेबांच्या सोबतचा माणूस म्हणाला, "अरे, यहाँ तो सब आ गया ना." त्यावर वडिलांचे उत्तर सबंध गावाने पुढे कितीतरी दिवस घोकले: "तुमच्या पानावर दोन लाडू वाढलो म्हणून त्याच्या पानावर भात येते का?" साहेब ओशाळून हसले आणि थांबले. मुलीने त्या उत्तराचे पुढे शास्त्र केले. मी याला तपश्चर्या म्हणतो.

कंपनीला सारी पद्धत आवडली, ती एक अट सोडून. त्या अटीमुळे त्यांना हवी असलेली संस्था पहिल्याच पायरीवर गळत होती. व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा हेमलता आमच्याच घरी होती. आवाज मोठा होता. मलाही ऐकू आला. "मॅडम, आपका मॉडल बहुत बढ़िया है. बस वो एक कंडिशन हटा दो." ती शांतपणे म्हणाली, "भाईसाब, वही तो मॉडल है." पुढे पुष्कळ पत्रव्यवहार झाला. त्यांनी अट काढली, साहाय्याचा भार सर्वांत कमी केला, आणि उरलेल्या कोष्टकावर तिची सही मागितली. तिने दिली नाही. कोष्टकावरून आपले नाव काढावे, असे तिने लेखी कळवले. काम हातचे गेले. महाविद्यालयात वरिष्ठ नाराज झाले, कारण कंपनीशी जोडलेले नाते त्यांना मिरवायचे होते. हेमलता मला एवढेच म्हणाली, "गुरुजी, मी दुर्बळ प्रमाणांची बेरीज केली नाई."

त्यानंतर आजार आला. उपचारांसाठी दूरच्या शहरी जावे लागे. अशाच एका प्रवासाची गोष्ट खेमराजांनी मला तेरवीच्या दिवशी सांगितली. सांगताना त्यांना राग आवरत नव्हता, आणि तो कुणावर हे त्यांनाही ठरवता येत नव्हते. त्याच कंपनीचे विमान उतरले, सर्व प्रवासी गेले, आणि मागच्या आसनावर एक वृद्धा बसून राहिली. तिच्यासाठी व्हीलचेअर आलीच नव्हती. ती आणणाऱ्याला सामान उतरवायला लावले होते. "मी म्हणलो, अव चाल ना, डॉक्टर वाट पाहून राहिला. तुले तं उभं राहणं होत नाई," खेमराज सांगत होते. "तं हे बया त्या बुढीच्या बाजूले जाऊन बसली. म्हणे, मी उतरली तं विमान रिकामं झालं असं लिहतीन हे लोक." खुर्ची आली तेव्हाच ती उठली. तिकडे डॉक्टरांची वेळ टळली, त्या दिवसाचा उपचार पुढे गेला. त्यामुळे काही बिघडले असेल का, हे खेमराजांनी मला विचारले. मी त्यांचा हात धरून बसलो.

आणि मग महाविद्यालयात शोकसभा झाली. तसबिरीला मोठा हार होता. प्राचार्य बोलले, सहकारी बोलले, विद्यार्थिनी रडल्या. ते सारे खरे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी विमान कंपनीचे प्रतिनिधी उठले आणि त्यांनी एका पुस्तिकेचे प्रकाशन केले. सेवा देणाऱ्या संस्था निवडण्याची ही पद्धत यापुढे "हेमलता प्रतिमान" या नावाने ओळखली जाईल, महाविद्यालयाच्या सभागृहात तसा फलक लागेल, अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या. मी पुस्तिका उघडली. कसोट्या तिच्याच होत्या. जोडीजोडीने विचारण्याची रीत तिचीच होती. भार मात्र बदललेले, आणि शेवटच्या पानाची अट कुठेच नव्हती! जिवंतपणी जिच्याकडून सही मिळाली नाही, तिच्या मृत्यूनंतर तिचे नावच सहीच्या जागी लावले होते. मृताला नकार देता येत नाही, एवढ्याच सोयीवर हा सन्मान उभा होता.

शोकसभेत वाद करणे मला शिकवलेले नाही. मी पुस्तिका घेऊन घरी आलो. पण मला जेवण गेले नाही. मी शिकलेल्या परंपरेत पूर्वपक्षसुद्धा प्रामाणिकपणे मांडावा लागतो. प्रतिपक्षाचे मत आपल्या सोयीने छाटून त्याच्या तोंडी घालणे हे पाप समजतात. इथे तर जी स्वतः सिद्धान्त होती तिलाच छाटले होते. थोड्याच दिवसांत खेमराजांना घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. कंपनीचे प्रतिनिधीही तिथे होते. प्राचार्य सौजन्याने म्हणाले, "गुरुजी, एखादी अट गळली असेल. बाकी सगळं मॅडमचंच आहे. आणि केवढा सन्मान झाला तिचा!" प्रतिनिधी म्हणाले, "ये ट्रिब्यूट है गुरुजी. फॅमिलीला प्राउड वाटायला पाहिजे."

मी म्हणालो, "महाशय, आपण दोघेही पुन्हा तीच बेरीज करीत आहात. हार मोठा, फलक मोठा, पुस्तिका सुंदर, तेव्हा एक अन्याय त्यात जिरून जावा. जिवंत म्हातारीच्या बाबतीत आपण जे केले, तेच मृत विदुषीच्या बाबतीत करीत आहात. हा सन्मान नव्हे. कोरड्या पानाशेजारी ठेवलेले हे लाडू आहेत." माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांच्या अध्यापनात तो तसा चढल्याचे मला स्मरत नाही, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही.

प्राचार्य खेमराजांकडे वळले. त्यांना वाटले असावे, पती तरी मऊ पडेल.  खेमराजांनी अगदी हळू, पण हेमलतेच्याच रीतीने विचारले, "सर, एक सांगा. तिचं नाव राहणं मोठं, का तिचं म्हणणं राहणं मोठं?"

"दोन्ही राहू शकतात की, सर," प्राचार्य म्हणाले.

"दोन्ही राहत असते तं आमी आलोच नसतो जी. अट घाला, नाई तं नाव काढा."

हे बोलणे त्यांना किती जड गेले ते मला ठाऊक होते. सालेकशाकडे हेमलतेची वृद्ध आई आहे. लेकीचे नाव भिंतीवर लागणार, हे तिने साऱ्या गावाला सांगितले होते. फलकासमोर काढावयाचा फोटो लावायला घरात भिंतीवर खिळाही ठोकून घेतला होता. लेक गेल्यावर तिच्या वाट्याला आलेली ती एकच चांगली बातमी होती, आणि ती परत घेण्याचे काम जावयाकडे आले होते.

काही दिवसांनी उत्तर आले. अट घालणे व्यवहार्य नाही. कुटुंबाच्या इच्छेचा मान राखून नाव काढण्यात येत आहे. पाहा, अन्यायाचीही भाषा किती मृदू असते! ते कोष्टक आता निनावी झाले आहे आणि चालूच आहे. त्याच्या आधारे नेमलेल्या संस्था काम करीत आहेत, आणि कुठल्या तरी विमानात मागच्या आसनावर कुणी तरी बसून राहिले असेल. हेमलतेचे नाव असत्यातून वाचले, तिचे म्हणणे अजून वाचलेले नाही. म्हणून हे लिहिले. आपण विमानाने जा, रेल्वेने जा, रुग्णालयात जा, वा कचेरीत जा. "आमची सेवा सर्वोत्तम ठरली" असा फलक दिसला तर एवढे अवश्य विचारा, की ही बेरीज कुणाला वगळून केली?

आईला सांगायला खेमराज गेले तेव्हा मीही सोबत होतो. ती अंगणात बसली होती. खेमराजांनी सगळे सांगितले. पुस्तिका, अट, प्राचार्य, आणि भिंतीवर आता नाव लागणार नाही हेही. त्या माउलीने पदराने तोंड पुसले. म्हणाली, "मंग बरं केलं बापा. दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी कायले लावाची?" आणि उठून आत गेली. तिच्या मागोमाग आम्हीही आत गेलो. फोटोसाठी ठोकलेला तो खिळा रिकामा होता. तिने कोपऱ्यातून हेमलतेची कापडी पिशवी आणली, तिच्यातली छत्री नीट आत सरकवली, आणि पिशवी त्या खिळ्यावर अडकवली. माहेरी आली की हेमलता ती दारामागे फेकायची, आणि आपण दर वेळी तिला रागावत असू, असे आई म्हणाली. आता ती पिशवी तिथेच असते.

वाचकहो, तुमच्या घरी अन्नपूर्णेचा वास असो. तुमच्या पंगतीत उशिरा पोचणाऱ्यासाठी पान मांडलेले असो, आणि तुमच्यातला जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्यासाठी थांबण्याचे बळ नारायण तुम्हा सर्वांना देवो. तुमच्या लेकीबाळींचे नाव त्यांच्या सत्यासह चिरंजीव राहो. शुभं भवतु.